डोलकाठीचा कल

१३ जानेवारी १९९२, खांदा कॉलनी

आज ऑफिसात सगळ्यांना डायऱ्या वाटल्या. निळं रेक्झिन, सोनेरी अक्षरांत 'अपरांत विद्यापीठ, पनवेल' आणि वर एक रिकामा गोल. त्या गोलात विद्यापीठाचं बोधचिन्ह यायला हवं होतं. चिन्हच ठरलेलं नाही, म्हणून प्रेसवाल्याने नुसता गोल छापून दिला. चारच महिने झाले विद्यापीठ निघून, दोन भाड्याचे मजले आणि एक जीप. चालायचंच.

दुपारी कुलसचिव गुप्तेसरांनी केबिनमध्ये बोलावलं. "मिस कोळी, एक मेला पायाभरणी आहे. त्याच्या आत चिन्ह हवं. आणि ते कुठे, केवढं, कुठल्या रंगात छापायचं त्याची नियमपुस्तिकाही हवी. नाहीतर प्रत्येक कॉलेज आपापल्या मनाने रंगवत बसेल. नियम मुंबईची एजन्सी लिहील. चित्र तुम्ही काढा."

समितीने ठरवलंय ते असं: एक ढाल, वर उघडं पुस्तक, खाली लाटा, मधोमध शिडाची होडी.

"होडी तुम्हाला काय, डोळे मिटून जमेल," सर म्हणाले. "तुम्ही मोऱ्याच्या ना?"

मी हो म्हटलं. येत्या होळीला मोऱ्यात, उरणजवळच्या माझ्या गावात, पाऊल न टाकल्याला चार वर्षं होतील, हे त्यांना सांगायचं काही कारण नव्हतं.

१९ जानेवारी

रविवार अख्खा गेला. सात होड्या काढल्या. सुमतीमावशी, म्हणजे माझ्या घरमालकीणबाई, चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "किती गोड गं! कॅलेंडरवर असते अगदी तश्शी." तेव्हाच कळलं की सगळं चुकलंय.

लाजिरवाणी गोष्ट आहे. बाबांच्या होडीत मी लहानाची मोठी झाले. तिच्या लाकडाला माशाच्या तेलाचा वास असायचा, तो आत्ताही नाकात आहे. पण शिडाची दोरी कुठून येऊन कुठे बांधतात ते हाताला आठवत नाही. हात अडतो तिथेच. तेव्हा बघितलं कशाला असेन, बाबा होते ना बांधायला.

त्या वर्षी होळीला माझा साखरपुडा ठरला होता. करंजाचं चांगलं घर, दोन ट्रॉलर. बाबांनी शब्द दिलेला. मी आदल्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन निघाले, कारण मुंबईच्या स्टुडिओतली नोकरी मिळाली होती आणि त्या घरात नोकरी चालणार नव्हती. बाबा ओटीवर उभे होते. अडवलं नाही. एवढंच म्हणाले, "आता हं दार इसर." मुलखाची हट्टी मी. विसरले म्हणून दाखवायला निघाले.

२१ जानेवारी

मंगळवार. आई सुकी मासळी घेऊन पनवेलच्या बाजारात आलेली. मंगळवार आणि शुक्रवार, चार वर्षांत सहसा खंड नाही; मुंबईची नोकरी होती तेव्हाही मी इथेच राहायचे. बाबांना ठाऊक नाही की आम्ही भेटतो. आई म्हणते, "त्यांना कशाला सांगायचं?"

ट्रेसिंग पेपरवरचं चित्र तिला दिलं, माझ्या धाकट्या भावासाठी. म्हटलं, "हे शैलेशला दाखव. काय चुकलंय ते पेन्सिलीने खुणा करून दे म्हणावं."

"शैलेशला?" आई म्हणाली.

"मग कोणाला?"

तिने पदराला हात पुसले. मग कागद बोंबलांच्या पाटीखाली घातला आणि म्हणाली, "दे. दावते."

२८ जानेवारी

चित्र परत आलं! बोंबलांच्या वासासकट. आणि काय दुरुस्त्या केल्यात! सुताराच्या जाड पेन्सिलीने डोलकाठी चक्क पुढे झुकवली आहे, नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या दिशेला. माझी होती सरळसोट, झेंड्याच्या काठीसारखी. शीड ज्या आडव्या बांबूला बांधतात ते परबाण इतकं लांब केलंय की ते ढालीच्या बाहेर चाललंय. आणि दोरी. दोरी कुठे बांधायची तिथे एक टिंब, असं जोर देऊन काढलेलं की कागद फाटलाय.

शैलेश हा मुलगा जेट्टीच्या पुढे गेला की ओकायचा. आता जासईच्या यार्डात कंटेनर मोजतो. त्याला हे एवढं सगळं ठाऊक असेल असं वाटलं नव्हतं. भाऊ मोठा होतो आणि आपल्याला पत्ता नसतो.

कागदाला बिडीचा वास पण आहे. बिड्या ओढायला लागलाय वाटतं. आईला सांगायला हवं.

१२ फेब्रुवारी

समितीची बैठक. मी नवं चित्र भिंतीला टाचणीने लावलं. सगळे बघत राहिले. मग एक प्राध्यापक म्हणाले, "ही काठी पडतेय का?"

दुसरे म्हणाले, "विद्यापीठाचं चिन्ह कलंडलेलं कसं चालेल? उद्या विद्यार्थी चेष्टा करतील."

एजन्सीचा निनाद आला होता मुंबईहून. हुशार आहे, माझ्याहून लहानच असेल. तो म्हणाला, "मला कलंडण्याचा प्रॉब्लेम नाही, पण सिमेट्री जाते. हा लोगो लेटरहेडवर अर्ध्या इंचात बसायला हवा. काठी मधोमध, शीड दोन्हीकडे सारखं, काम सोपं होईल."

मी म्हणाले, "होडी अशीच असते."

"का?" गुप्तेसरांनी विचारलं. चिडून नाही, खरंच विचारलं.

 मी चित्राची टाचणी काढून पुन्हा तिथेच लावली. सर म्हणाले, "आठवडा देतो. कारण लेखी द्या. नाहीतर काठी सरळ."

घरी येताना वाटभर बाबांचा राग आला. का आला तेच कळत नाही. त्यांचा काय संबंध?

१४ फेब्रुवारी

आईला सांगितलं, शैलेशला विचार, काठी का झुकवतात. नीट पाठ करून ये. आई म्हणाली, "तुला नाय आठवत? तू तं नाळेवर बसून असायचीस."

बसून असायचे. पाण्याकडे बघत.

१८ फेब्रुवारी

आई गिऱ्हाईक सोडून माझ्याकडे आली आणि शाळेत कविता म्हणतात तसं हात बांधून सांगितलं:

"काठी पुढं वाकलेली असली का वारा बदलल्यावर परबान काठीच्या पुढून मोकलं फिरतं. सरळ ठेवली तं अडाकतं, शीड फाटतं, मानसं पान्यात. आनि त्या साहेबांना सांग, वाकली म्हंजे पडली नाय. वाकते म्हनून तं टिकते. ते म्हनले असं."

"ते?"

"त्यो. शैलेश," आई म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली. आईची जीभ हल्ली घसरते. वय झालं तिचं. गुडघ्यांचंही काहीतरी करायला हवं, बसली की उठवत नाही.

मी विचारलं, "बाबा कसे आहेत?" दर वेळी शेवटी विचारते, निघता निघता, जसं काही सहज सुचलं.

"हायेत. दुसऱ्याच्या ट्रॉलरवं जातात. आपली होडी धक्क्याशी चिखलात उभी हाय. इकत नाय. लोकं इचारून दमले."

२० फेब्रुवारी

मंजूर! आईचं पाठांतर शुद्ध भाषेत लिहून दिलं होतं. गुप्तेसरांनी ते बैठकीत मोठ्याने वाचलं. 'वाकते म्हणून टिकते' तेवढं मी तसंच ठेवलं होतं. वाचून झाल्यावर पडतेय का विचारणारे प्राध्यापक म्हणाले, "हे बरं आहे. हे भाषणात घालता येईल."

निनादने वहीत लिहून घेतलं: 'डोलकाठीचा कल पंधरा अंश. कमी-जास्त करू नये.' मला एकदम हसू आलं. मोऱ्यात कोणाला सांगितलं की होडीचा कल आता सरकारी कागदावर मोजून लिहिलाय, तर अंगणभर लोक हसतील.

कोणाला सांगू पण.

५ मार्च

निनाद आणि मी दिवसभर नियम लिहितोय. चिन्हाच्या चारी बाजूंना किती जागा मोकळी सोडायची. निळा कोणता, त्याच्या शाईचा नंबर. ढालीला सावली द्यायची नाही, चिन्ह ताणायचं नाही, चौकटीत कोंबायचं नाही. अर्ध्या इंचाहून लहान असेल तर दोरी गाळायची. दोरी गाळायची म्हटल्यावर मी इतका वाद घातला की निनाद म्हणाला, "अहो, दोरी आहे ती, आपला काका नाही."

एक गोष्ट अडली. होडीचं तोंड कुठे? डावीकडे की उजवीकडे? निनादचं म्हणणं उजवीकडे, कारण आपण तसं वाचतो. मी म्हटलं, मी विचारून सांगते.

"तुमचे हे एक्स्पर्ट आहेत तरी कोण?" त्याने विचारलं.

"माझा भाऊ."

१० मार्च

उत्तर आलं. कागदावर नाही, तोंडी. आईने सांगितलं: "नकाशात दर्या डावीकडं असतो ना? मग तोंड उजवीकडं काढ. म्हंजे होडी घरा येतेय. घराकडं पाठ केलेली होडी काढू नको."

नियमपुस्तिकेत कलम सात: 'चिन्हातील होडीचे मुख नेहमी उजवीकडे असावे. चिन्ह कोणत्याही कारणाने उलटे छापू नये.' कारण लिहायची पद्धत नाही.

१८ मार्च

होळी. ऑफिसला सुट्टी.

मोऱ्यात आज होड्या सजवल्या असतील. पताका, आंब्याची पानं, नाळेला हळदकुंकू. बाबा सकाळी होडी धुऊन काढायचे आणि मला वर उभी करायचे, म्हणायचे, "बघ कोणाची झाक दिसते." मी दर वर्षी म्हणायचे, आपली.

दुपारी साडी नेसले. पनवेलच्या स्टँडवर गेले. उरणची गाडी लागलेली होती. कंडक्टर दारात उभा राहून म्हणाला, "ताई, येताय का?" मी म्हणाले, "कोणाची तरी वाट बघतेय." गाडी भरली, सुटली. मी आणखी दोन गाड्या बघितल्या आणि परत आले. सुमतीमावशींनी पुरणपोळी ठेवली होती. त्यांना म्हटलं, मैत्रिणीकडे गेले होते.

चिखलातल्या होडीला पताका लावतात का? कोणाला विचारणार.

८ एप्रिल

पुस्तिकेची प्रुफं. चोवीस पानं. गुप्तेसरांना भीत भीत विचारलं, दुसऱ्या पानावर ऋणनिर्देश घालू का. ते म्हणाले जरूर. म्हणून अशी ओळ घातली: 'होडीच्या रचनेविषयी माहिती: शैलेश काशिराम कोळी, मोरा.'

मधलं नाव लिहिताना हात जरा थांबला. छापलं जाणारच आहे, शैलेशच्या नावात. तेवढं तर तेवढं.

२६ एप्रिल

हे नीट लिहायला जमेल की नाही माहीत नाही.

काल पुस्तिका आल्या, पाचशे. आज सकाळी एक घेऊन जासईला गेले. शैलेश यार्डाच्या गेटवर आला, हेल्मेट काखेत. काळा पडलाय. मी पान उघडून त्याचं नाव दाखवलं. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं.

"ताई, हं काय?"

"तूच ना सगळं सांगितलंस? काठीचं, दोरीचं, तोंडाचं."

"मी? मना कुठं काय ठावं? मी तं संक्रांतीपास्नं घरा गेलो नाय, इथंच पोरांबरोबर राहतंय. आई आली व्हती दोनदा डबा घेऊन. कसलं चित्र नाय का काय नाय."

  मागे क्रेनने एक कंटेनर उचलला, तो वर अधांतरी फिरत होता.

"ताई," शैलेश म्हणाला, "मोऱ्यात आता शीड बांधता येनारं मानूस एकच उरलंय."

घरी येऊन ट्रेसिंग पेपर काढला. अंगठ्याचा डांबराचा ठसा आहे दोरीच्या टिंबाशेजारी. जानेवारीपासून माझ्या टेबलावर आहे हा कागद. मी त्याला खोडरबराने पुसायला गेले होते.

२८ एप्रिल

आईला काही न बोलता पुस्तिका दाखवली. तिला वाचता येत नाही, पण माझं तोंड वाचता येतं.

"तू इचारलं असतंस तं सांगितलं असतं," ती म्हणाली.

"त्यांना माहीत होतं मी काढलंय?"

"मंग काय! पयल्या दिशी त्यांना कागद दावला आनि मी बोलले, शैलेशनं पाठवलाय. त्यांनी बघितला. म्हनाले, शैलेशला रेघ मारता येते का कवा. बस्, तेवढंच. तुझं नाव घेतलं नाय. आजून घेत नाय. पन दुपारी जेवले का ओटीवर उजेडाला बसायचे कागद घेऊन. शेजारच्या पोरीचा खोडरबर मागून आनला. दोन पेन्सिली संपवल्या. मंग कागद मला दिला नि बोलले, तुझ्या शैलेशला दे."

"आणि आपण भेटतो ते?"

आईने पाटीवरचा जवळा सारखा केला. "पोरी, चार वरसं मंगळवारच्या एश्टीला मला कोन बसवून देतंय, तुला काय वाटतं? पाटी मोठी भरली का म्हनतात, येवढी कशाला, बसशील घडीभर तिकडं."

२९ एप्रिल

गुप्तेसरांकडे गेले. म्हटलं, पुस्तिकेत एक चूक झालीय, माझीच आहे, पाचशे प्रतींत शुद्धिपत्र लावते, वेळ ऑफिसचा घेणार नाही. त्यांनी चिठ्ठी वाचली: 'पृष्ठ २ वर शैलेश काशिराम कोळी याऐवजी काशिराम विठू कोळी, मोरा, असे वाचावे.'

"हे तुमचे कोण?"

"वडील."

"मग आधीच का नाही लिहिलंत?"

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

सरांनी बेल वाजवली. शिपायाला म्हणाले, मिस कोळींना डिंकाची बाटली द्या.

३० एप्रिल

चारशे ऐंशी झाल्या. बोटं चिकटताहेत. निनाद चिन्हाचा मोठा फलक घेऊन आला होता. तोही बसला तासभर. शंभर त्याने लावल्या.

१ मे

समारंभ झाला. मैदानात मांडव, पाहुणे, भाषणं. 'वाकते म्हणून टिकते'ला टाळ्या पडल्या. फलकावरून पडदा सरकला तेव्हा माझी होडी आठ फुटांची झाली होती आणि घराकडे चालली होती.

निमंत्रण मोऱ्याला पाठवलं होतं, बाबांच्या नावाने, पोस्टाने. आई आली, शैलेशसोबत, मागच्या रांगेत बसली. तिच्या शेजारची एक खुर्ची तिने पदर ठेवून धरली होती. शेवटी एका बाईंनी विचारलं कोणी येणार आहे का. आईने पदर उचलला.

४ मे, मोरा

काल रविवार होता. दुपारच्या एस.टी.ने उरणला आणि तिथून पुढे आले. घराचा रंग बदललाय.

बाबा ओटीवर जाळं सांधत बसले होते. केस सगळे पांढरे. सुई चालूच राहिली. आई आतून म्हणाली, "बघा तं कोन आयलंय."

"दिसतंय," बाबा म्हणाले.

मी ओटीच्या दुसऱ्या टोकाला बसले. पुस्तिका मध्ये ठेवली. आईने पाणी दिलं.  मग बाबा सुईकडे बघत आईला म्हणाले, "तिला सांग, शीड थोडं मोठं झालंय."

"ते म्हनतात शीड..."

"ऐकलं," मी म्हणाले. "त्यांना सांग, लांबून दिसायला हवं म्हणून मोठं केलं."

"तिला इचार, बारकं छापलं का दोरी दिसते?"

"त्यांना सांग, नाही दिसत. अर्ध्या इंचाच्या खाली दोरी काढतच नाही. मी भांडले होते."

बाबांनी सुई थांबवली. "दोरीबिगर शीड राहील कशानं?" हे कोणालाच विचारलं नाही.

असं तासभर चाललं. शाईचा निळा, लाटा तीनच का, पुस्तक होडीच्या वर कसं काय. प्रत्येक गोष्ट आईमधून जायची आणि आईमधून यायची. शेवटी आई उठली. "तोंड दुखलं माझं. मी पानी आनते." हंडा भरलेला होता. तिने तो अंगणात तुळशीला ओतला आणि रिकामा हंडा घेऊन गेली.

आम्ही दोघं.

बाबांनी हात पंच्याला पुसले, पुस्तिका उचलली. पानं उलटली. दुसऱ्या पानावर थांबले, जिथे मी चिठ्ठी चिकटवली होती. चौथीपर्यंत शिकलेत ते. बोट एकेका अक्षराखाली ठेवून वाचत गेले, ओठ हलत होते. शेवटाला पोहोचले आणि बोट पुन्हा सुरुवातीला नेलं. मग पुस्तिका मिटली, मांडीवर ठेवली. मध्ये जिथे होती तिथे परत ठेवली नाही.

मला काहीतरी बोलायचं होतं. चार वर्षं जुळवलेलं होतं सगळं. मी जाळ्याचा एक सुटा दोरा बोटाला गुंडाळत राहिले.

उन्हं कलली. सहाला उरणहून पनवेलची गाडी होती. मी उठले, चपला पायात सरकवल्या. बाबांनी धक्क्याकडे बघितलं. खाडीचं पाणी दूर गेलं होतं, होड्या चिखलात बसल्या होत्या.

"पानी उतरलं," ते म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले. "आता लाँच नाय लागायची धक्क्याला. सकाळ होईल."

लाँच मुंबईला जाते. मी पनवेलला राहते, एस.टी.ने आले होते, आणि मला त्या रस्त्याने येताना त्यांनी लांबून पाहिलं होतं.

"मग राहते," मी म्हणाले.